तिसरं पेडल

मी आजवर तीन ओव्हरड्राइव्ह पेडल वापरली. पहिली दोन वाईट होती म्हणून बदलली. तिसरं चांगलं होतं, आणि भीती वाटते ती त्याचीच. आजही कुठे वाजवायचं असलं की मी आधी तिथल्या अ‍ॅम्पच्या प्लगचं झाकण स्क्रू काढून उघडतो आणि आत बघतो. आयोजक कंटाळतात, पोरं हसतात. हसू देत.

ज्यांचा या वस्तूशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेडल म्हणजे पायाखाली ठेवायची एक छोटी डबी. गिटारची वायर तिच्यात जाते आणि तिच्यातून अ‍ॅम्पमध्ये. बटण पायाने दाबलं की गिटारचा गोड आवाज फाटतो, दिवसभर घोषणा देऊन घसा बसलेल्या माणसासारखा येतो. पुन्हा दाबलं की परत गोड. मला तो फाटलेला आवाज हवा होता. नाशिकजवळ अंबडच्या कारखान्यांच्या गेटवर, आत प्रेस मशीन धडाधड चालू असताना, ढोलकी कोणाला ऐकू येणार?

आम्ही कंत्राटी कामगारांचं काम करायचो. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. संघटना कसली, एक खोली, एक सतरंजी, पत्रकं छापायचं एक सायक्लोस्टाइल मशीन आणि अण्णा. अण्णा आमचे प्रमुख, एका संपात कामावरून कायमचे काढून टाकलेले, जाड भिंगांचा चष्मा, आवाज मात्र लाउडस्पीकरची गरज नसलेला. मी बावीस वर्षांचा, कॉलेज अर्धवट सोडलेला, पत्रकं लिहिणारा. पत्रक कसं लिहायचं ते अण्णांनी शिकवलं होतं. पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत पुरावा, तिसऱ्या ओळीत प्रश्न, आणि प्रश्न असा की समोरच्याला उत्तर देता येऊ नये. मला ते फार पटकन जमलं. इतक्या पटकन जमलं याचीच तेव्हा शंका यायला हवी होती.

पहिलं पेडल गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एकाकडून घेतलं. तो गिटार सोडून सासऱ्याच्या भांड्यांच्या दुकानात बसणार होता. पेडल चौकोनी सेलवर चालायचं आणि त्याला एक खोड होती: गिटारची वायर त्यात खोचलेली राहिली की न वाजवताही सेल उतरायचा. कळवणला बाजाराच्या दिवशी सभा होती. आदल्या दिवशी मी वायर काढायला विसरलो. भर गाण्यात गिटारचा आधी डास झाला, मग तोही गेला. लोक टोमॅटो निवडत होते, ते निवडत राहिले.

"तुझ्या क्रांतीचा सेल संपला वाटतं," अण्णा म्हणाले. त्यांना इलेक्ट्रिक गिटार मुळातच पसंत नव्हती.

त्याच वर्षी अंबडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनचा शॉक लागून एक कंत्राटी कामगार गेला. सुरगाण्याकडचा होता. आधी हंगामापुरता नाशिकला द्राक्षाच्या कामाला यायचा, मग बायकोला घेऊन इथेच राहिला. कंपनीने दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं की मशीनच्या प्लगमधली अर्थिंगची हिरवी वायर, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी, कापलेली सापडली, आणि ती त्याने स्वतःच कापली होती. म्हणजे चूक मेलेल्याची. केस संपली, फाइल बंद.

माझं डोकं फिरलं. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. पिवळ्या कागदावर छापलं. त्यातला शेवटचा प्रश्न मी मोठ्या अक्षरात घेतला होता: "कोणता शहाणा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःच्या मशीनची अर्थिंगची वायर कापेल?" गेटवर लोक हे वाक्य मोठ्याने वाचायचे. अण्णा सभेत तीनदा म्हणायचे. आमच्या वकिलांनीही ते अर्जात घातलं. सगळा खटलाच त्या एका प्रश्नावर उभा राहिला: त्याने कापली नाही, म्हणून चूक कंपनीची.

त्याची बायको, आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो, सभांना यायला लागली. पहिल्या दोन सभांत नुसती बसून राहिली. तिसऱ्या सभेत माईकवाला टेस्टिंग करत असताना ती उठली, माईक हातात घेतला आणि आवणीचं गाणं म्हणायला लागली, भाताची रोपं लावताना त्यांच्याकडे म्हणतात तसलं. शब्द मात्र तिचे होते. शेताऐवजी शेड, बांधाऐवजी गेट. माईक ती असा धरायची की ओठ जाळीला टेकायचे. ओळीच्या शेवटी आवाज वर न्यायची आणि तिथेच सोडून द्यायची. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हिच्या मागे गिटार फाटली पाहिजे, ती सोडते तिथून.

म्हणून दुसरं पेडल घेतलं, दुकानातून, नवीन. दुकानदाराने काचेतलं सगळ्यात जोरदार काढून दिलं. "ह्याच्यापुढे काही नाही," म्हणाला, आणि ते खरं होतं, त्याच्यापुढे काहीच ऐकू यायचं नाही. नामपूरला कांद्याच्या बाजारात वाजवलं तर अडते कानावर हात ठेवून उभे. गाणं संपल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊ, तुजं वाजाय लागलं का मला माजंच ऐकू येत नाय. मी काय म्हंते ते मानसांला कळंल कसं?"

"मग आवाज कमी करू?"

"कमी नको. माज्या मागं ऱ्हा. पुडं नको येऊ."

यापेक्षा नेमकी सूचना मला कुठल्याही वादकाने दिलेली नाही.

तिसरं पेडल भद्रकालीतल्या एका मिस्त्रीने बनवून दिलं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. लाउडस्पीकर, टेप, बँजो पार्टीचे अ‍ॅम्प, सगळं त्यांच्या त्या जिन्याखालच्या दुकानात यायचं. मी त्यांना दोन मागण्या सांगितल्या. आवाज फाटला पाहिजे पण बाईचा शब्द झाकता कामा नये, आणि सेलची कटकट नको. चाचांनी आठ दिवस घेतले. घरात बोर्डाला असते तसल्या लोखंडी पेटीत त्यांनी सर्किट बसवलं, आतच छोटा ट्रान्सफॉर्मर घातला आणि बाहेर तीन पिनांचा प्लग काढला. थेट लाइटवर चालणारं पेडल. वाजवून बघितलं. काय सांगू, गिटार तिच्या आवाजाखाली जाऊन बसली. दाबलं की खालून वर यायची, तिला उचलून धरायची.

"एक बात ध्यान में रख," चाचा म्हणाले. "पेटी लोखंडाची, आत दोनशे तीस व्होल्ट. तीन पिनवालाच बोर्ड बघायचा. अर्थिंग नसलं तर वाजवूच नको. समजला?"

"समजलं."

"समजला म्हणतो सब. बाद में मेरे पास येतात जळका माल घेऊन."

ऑफिसात आणून लावलं तर घुर्र. आमच्या खोलीत माईक आणि गिटार एकाच अ‍ॅम्पमध्ये घालायचो, आणि हे पेडल जोडलं की त्यातून एकसारखी घुरघुर यायची, पाण्याची मोटर चालू असल्यासारखी. गाणं थांबलं की घुरघुर तेवढी उरायची. वायर फिरवून बघितली, बोर्ड बदलून बघितला. दोन दिवसांनी स्मृतिदिनाची सभा होती, वहिनीच्या नवऱ्याला जाऊन वर्ष होत होतं. ऑर्केस्ट्रावाले काय करतात ते मला माहीत होतं. नाशकातल्या निम्म्या ऑर्केस्ट्रांच्या प्लगमध्ये हेच केलेलं असतं. मी प्लग उघडला, हिरवी वायर ब्लेडने कापली, टोकाला टेप गुंडाळला, झाकण लावलं. घुरघुर गेली. एकदम स्वच्छ.

मी सायक्लोस्टाइल मशीनशेजारी बसून हे केलं. मशीनवर पिवळ्या पत्रकांचा गठ्ठा होता. मला काहीही जाणवलं नाही. मी खोटं सांगत नाही, खरंच काहीही जाणवलं नाही. मी आवाजाचा विचार करत होतो.

आमची एक पद्धत होती, ती इथे सांगायला पाहिजे. वहिनीला मात्रा मोजता यायच्या नाहीत, आणि तिची ओळ कुठे संपेल ते मला कळायचं नाही, कारण ती प्रत्येक वेळी वेगळ्या जागी संपायची. म्हणून आवाज वर सोडायच्या आधी ती डाव्या हाताने माझं कोपर धरायची. तिने धरलं की मी पेडल दाबायचं. उजव्या हातात माईक, डावा हात माझ्या कोपरावर. प्रत्येक कडव्याला एकदा.

सभा दुपारी तीनला, शिफ्ट सुटते तेव्हा. गेटसमोर लोखंडी खुर्चीवर त्याचा फोटो, झेंडूचा हार. धूळ उडू नये म्हणून चहाच्या टपरीवाल्याने बादल्या ओतून सगळी जागा भिजवून ठेवली होती, चांगल्या मनाने. माईक भाड्याच्या लाउडस्पीकरवर, त्याची लाइट समोरच्या वर्कशॉपमधून, तिथलं अर्थिंग पक्कं. गिटारचा जुना अ‍ॅम्प वेगळा, टपरीच्या बोर्डावर, आणि त्याला मुळातच दोन पिना. ऑफिसात माईक आणि गिटार दोन्ही एकाच तीन पिनांच्या अ‍ॅम्पला जोडलेली असल्यामुळे पेडलला अर्थिंग दुसऱ्या वाटेने मिळत होतं. इथे ती वाट नव्हती, ट्रान्सफॉर्मरमधून गळणारा करंट पेटीतच राहणार होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त वायर जोडत होतो.

गेटच्या आत कंपनीचे दोन अधिकारी उभे होते आणि एक कॅमेरावाला. आमच्या प्रत्येक सभेचं ते शूटिंग करायचे, नंतर काही सापडलं तर उपयोगी पडावं म्हणून.

अण्णांनी सांगितलं, "आधी श्रद्धांजली." सगळ्यांनी चपला काढल्या. आपल्याकडे फोटोला हार घालायचा म्हणजे पाय उघडे करायचे, ते कुणी सांगावं लागत नाही. मीही बूट काढले आणि बाजूला ठेवले. दोन मिनिटं शांतता झाली. लगेच गाणं होतं. पुन्हा बूट घालायला कोण थांबणार? मी ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहिलो, गिटार गळ्यात, आणि एकदा तपासावं म्हणून पेडलवर पाय ठेवला.

घोट्यात कुणीतरी आतून हाड ओढलं. पाय आपोआप वर आला. हिसका मोठा नव्हता, मी पडलो नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण मला त्या क्षणी सगळं कळलं. प्लग दिसला, हिरवं टोक दिसलं, टेप दिसला.

आणि वहिनी शेजारी येऊन उभी राहिली. अनवाणी. उजव्या हातात माईक. तिने गायला सुरुवात केली.

मी काय केलं ते नीट लिहितो, कारण मी पुष्कळांवर पुष्कळ लिहिलंय. वाजवणं थांबवून प्लग उपटायला दहा पावलं होती. मी गेलो नाही. मी गेटकडे बघितलं. कॅमेरा आमच्यावर होता. प्लग उपटला तर अण्णा माईकवरून विचारणार, काय झालं? टपरीवाला प्लग उघडणार. वायर कापलेली सापडणार. तीसुद्धा हिरवी, तीसुद्धा स्वतःच्या हाताने, आणि हात तो प्रश्न छापणाऱ्याचाच. कंपनीला याहून मोठा पुरावा कशाला लागतो? खटला माझ्या डोळ्यांसमोर मोडून पडला. तिचा नवरा मेला तो स्वतःच्या चुकीने, हे पुन्हा एकदा आणि कायमचं ठरणार. मी स्वतःला समजावलं की पेडल दाबायचंच नाही, ती लांब राहिली की झालं, एवढी दोन कडवी काढायची. हिशोब म्हणून बरोबर होता. भित्र्या माणसाचे हिशोब बरोबरच असतात.

मी एक पाऊल डावीकडे सरकलो. ती सरकली. मी अजून सरकलो. तिने गाता गाता माझ्याकडे बघितलं, कपाळाला आठी. तिला वाटलं मी विसरलोय. ओळ वर चालली होती. मी मान हलवली, नको नको अशी, आणि तारांवरून हात काढायचं मात्र मला सुचलं नाही. माझा डावा तळवा तारांवर दाबलेला होता, वायरमधून थेट त्या पेटीला जोडलेला, बोटांना मुंग्या येत होत्या. तिने हात लांब केला आणि माझं कोपर धरलं.

लाउडस्पीकरमधून दातांवर लोखंड आपटल्याचा आवाज आला. तो सगळ्या रस्त्याने ऐकला. माझा हात खांद्यापर्यंत आखडला आणि वहिनी एकदम खाली बसली, दोर तुटलेल्या बादलीसारखी. माईक तिच्या मांडीवरून घरंगळला. सुटला म्हणून बरं. तिच्या नवऱ्याच्या हातून मशीन सुटलं नव्हतं.

मग मी धावलो. प्लग उपटला. वळून बघतो तर दोन बायका तिला पाणी पाजत होत्या आणि ती घोट घेत होती. जिवंत होती. 

अण्णांनी माईक उचलला. त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. ते म्हणाले, "आमच्या या भगिनीला आज उभं राहवत नाही. पोटातलं दुःख आहे ते. बघा, गेटच्या आतले लोक बघा, तुमच्या कॅमेऱ्यात घ्या हे." लोक पेटले. इतक्या मोठ्या घोषणा त्या गेटवर कधी झाल्या नव्हत्या. अधिकारी आत गेले. सभा यशस्वी झाली. माझ्या कापलेल्या वायरने.

वहिनी ओरडणाऱ्यांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. डावा हात मांडीवर पालथा ठेवलेला, बोटं मिटत नव्हती. मला वाटलं, हिला कळलंय. ज्या बाईचा माणूस असा गेला तिला नाही कळणार?

अंधार पडायच्या आधी मी तिच्या खोलीवर गेलो, अंबड गावात, पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती तिथे.  रागावली असती तर चाललं असतं. मला भीती होती ती तिने बाहेर चारचौघांत बोलण्याची. तेव्हासुद्धा पहिली भीती हीच होती, आणि हे लिहितानाही कान गरम होतात. ती दारात पायरीवर बसून डाव्या हाताला तेल चोळत होती. मी खिशातून प्लग काढला. पेडलपासून कापूनच आणला होता. तिच्यासमोर ठेवला.

"वहिनी, हे मी केलं. दोन दिवसांपूर्वी. आवाज येत होता म्हणून."

तिने प्लग उघडायला सांगितला. मी स्क्रू काढले. तिने आत बघितलं.

"हिरवी," ती म्हणाली.

"हो."

"त्यानं पन हिरवीच कापली व्हती."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. ती खाली मान घालून तेल चोळत राहिली आणि सावकाश बोलत राहिली. मशीन जुनं होतं, आतून करंट उतरायचा. अर्थिंग असलं की दिवसातून आठ-दहा वेळा शेडचं मेन स्विच पडायचं. स्विच पडलं की सगळी मशीनं बंद, की सुपरवायझर यायचा आणि आईवरून बोलायचा. माल कमी भरला तर उद्यापासून येऊ नको. मग सुपरवायझरनेच एकदा पक्कड आणून दिली. म्हणाला, कापा ती, कटकट संपवा. सगळ्यांनी कापल्या. स्विच पडायचं थांबलं.

"घरी येऊन सांगितलं त्यानं. हाताला मुंग्या येतात म्हनला. मी म्हनलं, मंग नको जाऊ. तर म्हनला, मुंग्यांनी कोन मरतंय."

"हे तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं?"

पहिल्यांदाच तिने मान वर केली. "कवा सांगू? तू तर आधीच लिवून आनलं. कोन्ता शहाना मानूस कापतो म्हनून. सगळी वाचीत व्हती, टाळ्या देत व्हती. मी तितं उभी. मंग काय म्हनू मी? माजा मानूस शहाना नव्हता म्हनू? भाऊ, तुज्या कागदात तो एक तर खोटा नाय तर येडा. तिसरं काय ठिवलंच नाय तू."

मी पायरीवर बसलो. तिने चहाही विचारला नाही. वर्षभर ती त्या पिवळ्या कागदाला घाबरत होती. प्रत्येक सभेला तिला वाटायचं, आज शेडमधलं कुणीतरी उठेल आणि म्हणेल की कापली होती, मी बघितलं. मग सगळं संपलं. म्हणून ती गायला उठायची. गाणं चालू असताना कुणी प्रश्न विचारत नाही.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"तू कापली ना? मंग लिव की, का कापली ते. त्याचं पन तसंच लिव."

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे पेडल ठेवलं आणि घडलं ते सांगितलं. त्यांनी ट्रान्सफॉर्मर उखडून कोपऱ्यातल्या डब्यात फेकला, जागेवर सेलची क्लिप सोल्डर केली आणि पेटी माझ्या हातात देताना तेवढं म्हणाले, "बाई बच गई, ये उसका नसीब. तेरा हुशारी नाही." आवाज पहिल्याइतका भरदार येत नाही आता. आला नाही तरी चालेल.

अण्णांशी मात्र भांडण झालं. मी नवीन पत्रक लिहून नेलं होतं. पहिली ओळ होती, वायर त्याने कापली. दुसरी, पक्कड कुणी दिली ते विचारा. तिसऱ्या ओळीपासून माझ्या प्लगची सगळी हकिकत.

"हे छापलंस तर पहिली ओळ कोर्टात कंपनीच वाचून दाखवेल," अण्णा म्हणाले. "दुसरीपर्यंत कोण जाणार? पुरावा आहे तुझ्याकडे पक्कडीचा?"

"शेडमधली माणसं आहेत."

"ती बोलतील?"

"माहीत नाही."

"माहीत नसताना पत्रक काढतात का रे? मी शिकवलं हे तुला?"

"तुम्ही शिकवलं तसं आधीचं काढलं होतं. ते खोटं निघालं."

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. मग म्हणाले, "तिची सही घेऊन ये. तिची सही असली तर छाप. केस तिची आहे, तुझी नाही." त्यांचं बरोबर होतं. तिने अंगठा दिला, शाई लावलेला डावा, अजून नीट वळत नसलेला.

छापलं. सकाळच्या शिफ्टला गेटवर उभे राहिलो, मी आणि वहिनी.  एक जण कागद घेऊन पहिली ओळ वाचायचा आणि आमच्याकडे बघायचा, वेड लागलंय का अशा नजरेने. काहींनी परत हातात दिला. एकाने तिच्या तोंडावर म्हटलं, "वहिनी, नवऱ्याला बदनाम करता का?" तिने पुढच्याला कागद दिला. गेटच्या आत कॅमेरा चालूच होता. मला वाटत होतं, हे आम्ही स्वतःच्या हाताने केलं, आणि आता मागे घेता येणार नाही.

भोंगा व्हायला थोडा वेळ असताना एक मध्यम वयाचा माणूस सायकल हातात धरून थांबला. त्याने कागद दोन्ही बाजूंनी वाचला. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं, तरी उलटून बघितलं. मग कॅमेऱ्याकडे पाठ येईल असा उभा राहिला.

"यात पुढं आमची नावं येणार का?"

"इथे नाही," मी म्हणालो. "कोर्टात विचारतील. तिथे सांगावं लागेल."

त्याने जीभ ओठांवरून फिरवली. तो घाबरला होता. मीही घाबरलो होतो, कारण आता तो नाही म्हणाला असता तर दुसरं कुणी उरलं नसतं.

"शेडात नऊ मशीन हायेत," तो वहिनीला म्हणाला, मला नाही. "नऊच्या नऊ कापलेली. माजं आजबी तसंच हाय."

"मंग नको जाऊ दादा आत," वहिनी म्हणाली.

भोंगा झाला. त्याने कागदाची चौकोनी घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि सायकल ढकलत आत गेला. गेट लागेपर्यंत आम्ही दोघं त्याच्या पायांकडे बघत राहिलो. रबरी स्लिपर होती, एका टाचेला झिजून भोक पडलेली. शिफ्ट सुटेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.